आम्ही म्हणजे कोण

दावा फेटाळला गेला हे धाकट्याने तोंड उघडण्याआधीच आत्याला कळलं. तो कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून तडक कारखान्यात आला होता आणि दारातच त्याने बूट काढून ठेवले होते. काचेच्या कारखान्यात कुणी बूट काढत नाही. जमिनीवर कुठे बारीक कपची पडलेली असेल याचा नेम नसतो, आणि या घरातली पोरं चालायला शिकली तीच मुळी पायात चपला घालून. माणूस भानावर नसला की असं होतं.

"आधी बूट घाल," आत्या म्हणाली. "मग काय ते सांग."

धाकट्याने निमूटपणे बूट घातले. त्याच्या हातात कोर्टाचा लिफाफा होता.

टेबलापाशी थोरला फोटोच्या चौकटींसाठी काच कापत होता. त्याने हातातली काच कापायची कलम खाली ठेवली, पण मान वर केली नाही. वर शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं आणि जिन्यावर पावलं वाजली. मधल्याची बायको खाली आली. तिला सगळं घर सूनबाईच म्हणत असे. तिच्या ओठांत टाचणी होती, ती काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"काय म्हणतंय कोर्ट?" तिने टाचणीसकट विचारलं.

"फेटाळला," धाकटा म्हणाला.

"का?"

"'आम्ही' लिहिलं म्हणून."

आत्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने हातातला ओला फडका टेबलावर ठेवला आणि स्टूल ओढून बसली. भाऊ वारला तेव्हापासून हा कारखाना आणि त्याचे तीन मुलगे तिनेच सांभाळले होते. थोरला तिच्या हाताखाली राहिला, धाकटा शिकून पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून झाला आणि मधला तुरुंगात होता. तुरुंगातूनच त्याने हा दावा लावला होता. वकील कुणी मिळाला नाही, म्हणून तिथल्या वाचनालयातली कायद्याची पुस्तकं चाळून, स्वतःच्या हाताने लिहून. तिथे कैद्यांकडून भिंती रंगवून घेत. कळीचा चुना पिंपात टाकून विरवायचा, उकळी फुटली की काठीने ढवळायचा. डोळ्यांवर चष्मा नाही, हातात मोजे नाहीत. चुना उडून डोळ्यांत जाई, आणि दवाखान्यात गेलं की सगळ्यांना एकाच बाटलीतले थेंब. माणूस गुन्हेगार असला म्हणून त्याच्या डोळ्यांवरचा त्याचा हक्क जातो का, असं मधल्याने कोर्टाला विचारलं होतं. ते वाक्य धाकट्याने मागे सगळ्यांना वाचून दाखवलं तेव्हा आत्याने ते दोनदा वाचायला लावलं होतं.

"आम्ही लिहिलं म्हणून म्हणजे?" थोरल्याने विचारलं.

"ऐक ना." धाकट्याने कागद उघडला. "'अर्जदार जागोजाग आम्ही, आम्हाला, आमच्या असे शब्द वापरतो. आमच्या डोळ्यांत चुना गेला. आम्हाला दिवसा अंधारी येते. हे आम्ही म्हणजे कोण, याचा खुलासा अर्जात कुठेही नाही. ज्याला वकील नाही त्याला या न्यायालयासमोर केवळ स्वतःपुरते बोलता येते, इतरांच्या वतीने नाही. अर्जदाराला स्वतःला कोणती इजा झाली, केव्हा झाली आणि कोणाच्या हयगयीने झाली, हे अर्जावरून समजत नाही. सबब दावा फेटाळण्यात येत आहे. अर्जदाराची इच्छा असल्यास महिन्याच्या आत दुरुस्त अर्ज दाखल करण्याची मुभा आहे.' खाली सही."

धाकटा कोरडं हसला.

"आत्या, एवढ्या मोठ्या कोर्टाने आपल्या घराची खोड पकडली बघ."

खोड खरीच होती, आणि ती कारखान्यातून घरात आली होती. मोठी काच एकट्याने उचलता येत नाही. दोन टोकांना दोघं लागतात, आणि ती फुटली तर कुणाच्या हातून फुटली हे खुद्द त्या दोघांनाही सांगता येत नाही. एकाने जरा लवकर उचललं, दुसऱ्याने जरा उशिरा, की मधल्या मध्ये तडा. भांडणं व्हायची, एकदा हातघाईवरही आली. तेव्हा आत्याच्या भावाने नियम घालून दिला. काच फुटली की 'आमच्याकडून फुटली' म्हणायचं. 'त्याने सोडली' असं जो म्हणेल त्याने दिवसभर अंगणात बसायचं. भाऊ गेल्यावर आत्याने तो नियम आणखी कडक केला. पोरांच्या जिभेला मग तेच वळण पडलं. आम्हाला भूक लागली. आमचं पोट दुखतंय. धाकटा एकदा शाळेतून आला आणि म्हणाला, आम्ही गणितात नापास झालो. आत्या म्हणाली, अख्खी शाळा? सूनबाई लग्न होऊन आली तेव्हा नवरा तिला म्हणाला होता, आम्हाला तुम्ही आवडलात. तिला वाटलं घरात मतदान झालं असेल.

धाकट्याने मात्र ही सवय कचेरीत लागल्यावर टाकली. तिथे 'आम्ही' म्हटलं की साहेब विचारत, महाराज, स्वारी कुठून आली?

"सोपं आहे," तो आता म्हणाला. "आम्ही खोडायचं, मी लिहायचं. कागद मला आणून द्या, मी टाइप करून देतो. पुढच्या आठवड्यात परत दाखल."

"ते नाही लिहिणार तसं," सूनबाई म्हणाली.

"का नाही?"

"मागेच म्हणाले होते. बराकीतल्या कुणाला लिहिता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांचं मिळून लिहिलंय. एकट्याचं औषध मागितलं तर बाकीच्यांना तोंड कसं दाखवायचं?"

"कोर्टासमोर तोंड दाखवायचंय, वहिनी. बराकीतल्यांना नाही."

"राहतात तर त्यांच्यातच ना!"

थोरल्याने इतका वेळ कापलेल्या पट्ट्या एकावर एक रचल्या होत्या. त्या तो परत सारख्या करायला लागला. "आमचं विचाराल तर," तो म्हणाला, "झालं ते बरंच झालं. आता परत लिहूच नये. चांगल्या वागणुकीची सूट धरली तर पुढच्या हिवाळ्यात सुटेल. जेलवाल्यांशी वाकडं घेऊन ती सूट घालवायची का? त्यांच्या मनात आलं तर वर्षभर जास्त सडवतील."

"आणि डोळे?"

"बाहेर आला की चांगल्या डॉक्टरकडे नेऊ."

"बाहेर येईपर्यंत ते राहतील का, हे विचारतेय मी, भाऊजी."

"कोर्टात आजवर आपलं काय भलं झालंय? सांग की."

आत्याला थोरल्याचं पटत होतं. तिला कोर्टाची पायरी नको होती. गणवेशातल्या माणसाने विचारलेला प्रश्न, कठडा, ती उंच खुर्ची, हे सगळं तिने एकदा पाहिलं होतं आणि तेवढं तिला जन्माला पुरलं होतं. "थोरला म्हणतो त्यात तथ्य आहे, सूनबाई," ती म्हणाली. "पाण्यात राहून कशाला वैर घ्यायचं? आम्हालाही वाटतं, दिवस ढकलावेत."

सूनबाईने ओठांतली टाचणी काढून पदराला खोचली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"तुम्हाला वाटणारच. भाऊजींनाही वाटणार. माझ्या नवऱ्याने 'मी' कधी म्हटलेलं या घराला चालतं, ते ठाऊक आहे मला."

थोरल्याचा हात थांबला. धाकट्याने कागदाची घडी घालायला सुरुवात केली आणि अर्धवट सोडली. इतक्या वर्षांत ही गोष्ट या टेबलावर कुणी आणली नव्हती.

एका पेढीच्या तिसऱ्या मजल्याला मोठी काच बसवायची होती. थोरला आणि मधला गच्चीवरून दोर धरून ती खाली सोडत होते. खालचा रस्ता अडवून घ्यायला हवा होता, तो अडवला नव्हता. काच सुटली. फुटपाथवरून एक म्हातारा भाजीची पिशवी घेऊन चालला होता, तो जागीच गेला. पोलिसांनी विचारलं, कुणाकडून सुटली? मधला म्हणाला, आमच्याकडून. फौजदार खेकसला, आम्ही म्हणजे कोण? एकाचं नाव सांग. मधल्याने थोरल्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी, म्हणाला. तेव्हापासून थोरला मोठ्या काचेला हात लावत नाही. चौकटी, देव्हाऱ्याची दारं, कपाटाच्या फळ्या, एवढंच करतो. गिऱ्हाईक मोठं काम घेऊन आलं की आत्या त्याला दुसऱ्या कारखान्याचा पत्ता देते.

"दोर दोघांच्याही हातात होता," थोरला म्हणाला. "तुला काय वाटतं, आम्ही मुद्दाम गप्प बसलो? रात्रंदिवस डोक्यात तेच फिरवलंय. आधी कुणाचा सैल झाला, आम्हाला आजही ठाऊक नाही."

"मला तुमच्याकडून कबुली नकोय," सूनबाई म्हणाली. "ते तुरुंगात गेले, झालेलं आता उलटणार नाही. पण त्या कागदात काय विचारलंय ते ऐकलंत ना सगळ्यांनी? या माणसाला स्वतःला काय झालंय? आत्याबाई, तुम्ही सांगा. काय झालंय त्यांना?"

"दर महिन्याला तू जातेस भेटीला. तुला माहीत असेल."

"मला सांगतात, आम्ही बरे आहोत. चुना उडतो, आम्हाला त्रास होतो, पण आम्ही बरे आहोत. आता यातले ते किती आणि बाकीचे किती, मी कशी ओळखू?"

आत्याने धाकट्याकडे पाहिलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. त्याला दर पत्रात 'आमची काळजी नसावी' एवढंच येत असे. तिने थोरल्याकडे पाहिलं नाही. तो भेटीला एकदाही गेला नव्हता.

म्हणजे जज्जाला पडलेला प्रश्न घरात कुणालाच पडला नव्हता. ती उठली आणि पुन्हा बसली. फडका सुकला होता, तो तिने उगाच पिळला.

"येत्या भेटीला आम्ही येऊ," ती म्हणाली. "थोरल्या, गाडी तू काढायचीस."

"आत दोघांनाच सोडतात," सूनबाई म्हणाली.

"ते बघू. त्याला बाहेर थांबता येईल."

थोरल्याने कलम परत उचलली.

भेटीची खोली लांबट होती आणि तिला फिनेलचा वास येत होता. मधोमध काच, काचेच्या दोन्ही बाजूंना ओळीने खुर्च्या आणि प्रत्येक जागी तारेला लटकलेला फोन. आलेल्या माणसांच्या बाजूला एका जागी दोन खुर्च्या होत्या, पण फोन एकच. आत्याला पहिल्यांदा दिसली ती काच. चरे पडलेली, हाताच्या ठशांनी धुरकट झालेली, आणि काच पक्की धरायला कडेने भरलेली लांबी जागोजाग निघालेली. बसवणाऱ्याने घाई केली होती.

मधल्याला आणलं तेव्हा तो आधी हसला. केस पार पांढरे झाले होते. बसताना त्याने खुर्ची जरा तिरकी केली आणि मान एका बाजूला कलती ठेवून पाहिलं. फोन उचलून तो म्हणाला, "आत्या, ही काच बघितलीस? आपण अशी बसवली असती तर बाबांनी कान उपटले असते."

"कान कसले, हात तोडले असते," आत्या म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज फुटेल, पण फुटला नाही. "कसा आहेस?"

"आम्ही मजेत. तुझा गुडघा?"

"गुडघ्याचं राहू दे. कोर्टाचा कागद मिळाला ना तुला?"

"मिळाला." त्याने खांदे उडवले. "जज्ज हुशार माणूस आहे. पण त्याने कधी काच उचललेली नाही."

"परत लिही. महिना दिलाय त्याने."

"परत लिहितोच आहोत की. सगळ्यांची नावं घालून. आम्ही म्हणजे कोण, तर हे हे लोक. झालं."

"तसं चालत नाही म्हणतो धाकटा. वकील नसला की आपलं आपणच बोलायचं. ज्याचं त्याने."

"त्यांना लिहिता येत नाही, आत्या. एक म्हातारा आहे आमच्यात, त्याला भिंत चाचपत संडासाला जावं लागतं. त्याला सही येत नाही. आम्ही आपल्यापुरतं लिहून मोकळं व्हायचं का?"

"त्याला सही शिकव. मग त्याचं तो सांगेल, तू नुसता लिहून दे. खाली सही त्याची." आत्या पुढे वाकली. "पण ते नंतर. मला आधी तुझं ऐकायचंय. तुझ्या डोळ्याला काय झालंय?"

"सांगितलं ना अर्जात. आमच्या डोळ्यांत..."

"तुझ्या."

शेजारच्या फोनवर कुणी बाई कुणाला तरी शाळेच्या निकालाचं सांगत होती. सूनबाईने वहीचं पान उघडून पेन हातात धरलं होतं, पण ती पानाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या कललेल्या मानेकडे पाहत होती.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "एकदा म्हटलं होतं मी. त्याचं काय झालं बघितलंस ना?"

"बघितलं. तेव्हा तुम्ही दोघं होतात आणि तू 'मी' म्हणालास. आता तुझं तुलाच झालंय आणि तू 'आम्ही' म्हणतोस. दोन्ही वेळा उलटं बोललास. तो नियम काचेसाठी होता रे. दोघांनी उचलायच्या काचेसाठी. डोळा काय दोघांनी उचलतात?"

तो हसायला गेला आणि ते जमलं नाही. त्याने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मला उजव्या डोळ्याने दिसत नाही," तो म्हणाला.

"अजिबात?"

"दिवा लावलाय का विझवलाय, तेवढं कळतं. माणूस कळत नाही."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यात. पिंपाशी उभा होतो. कुणीतरी वरून ढेकूळ टाकलं आणि ते फसफसून वर आलं. धुवायला पाणी मागितलं तर म्हणाले, काम संपू दे. संध्याकाळी थेंब घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी..." तो थांबला. "तिला सांगू नकोस."

सूनबाईला फोनमधलं ऐकू येत नव्हतं. पण आत्याचा चेहरा तिला दिसत होता. तिने न बोलता हात पुढे केला. आत्याने फोन तिच्या हातात दिला आणि उठली. त्या दोघांचं काय बोलणं होतं ते तिने ऐकलं नाही. वळून पाहिलं तेव्हा सूनबाई डाव्या हाताने डोळे पुसत उजव्या हाताने लिहीत होती आणि ओरडत होती, "परत सांगा. पहिल्यापासून. पाणी कुणाकडे मागितलं? त्याचा बिल्ला होता का? सावकाश सांगा, मी लिहून घेतेय."

दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला आत्या म्हणाली, "माझी जागा रिकामी झाली. दुसरा माणूस आत येऊ शकतो का?"

"नाव दिलंय का त्याचं?"

"सकाळीच दिलंय. त्याचा भाऊ आहे."

पहारेकऱ्याने यादी पाहिली आणि होकारार्थी मान डोलावली.

थोरला बाहेर गाडीला टेकून उभा होता. आत्याला एकटी आलेली पाहून तो दोन पावलं पुढे आला. "लिहायला तयार झाला?"

"झाला."

"काय म्हणाला?"

आत्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बातमी झाली असती, आणि थोरला ती ऐकून घेऊन परत गाडीला टेकून उभा राहिला असता. तिने आपला पास काढून त्याच्या हातात ठेवला.

"आमचं नाव दिलंय?" त्याने विचारलं.

"तुझं दिलंय."

तो पासाकडे पाहत राहिला. "आत जाऊन काय बोलू, आत्या? इतक्या वर्षांनी काय बोलू?"

"काही बोलू नकोस. बस नुसता." ती त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत आली. गुडघा कुरकुरत होता. उंबऱ्याशी ती थांबली आणि मनातल्या मनात जागा पडताळून पाहिली. समोरासमोर बसलं की बाजू उलट्या होतात. त्याची उजवी ती आपली डावी.

"सूनबाईला डावीकडच्या खुर्चीवर सरकायला सांग," ती म्हणाली. "तू उजवीकडे बस. नाहीतर त्याला दिसायचा नाहीस."